कोबॉलचे कंपायलर ऑप्शन कसे लावावेत: बाकी पटकन उरका, ट्रंकपाशी थांबा

हा लेख झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या आयबीएम एंटरप्राइझ कोबॉलबद्दल आहे, मुख्यतः व्हर्जन ५ आणि ६ बद्दल. पुण्या-मुंबईत मेनफ्रेमवर काम करणारे बरेच जण परदेशातल्या एखाद्या बँकेचे नाहीतर विमा कंपनीचे जुने प्रोग्रॅम सांभाळत असतात. कंपायलर ऑप्शनांची, म्हणजे सोर्सचं मशीन कोड कसं बनवायचं याच्या सूचनांची, यादी त्यांना आयती मिळते. ट्रंक हा त्यातलाच एक, आकडा कुठे कापायचा ते ठरवणारा. ती कोणी ठरवली आणि का, हे सांगायला तिथे कोणी उरलेलं नसतं. मग तीच यादी पुढच्या प्रोग्रॅमला चिकटते, त्याच्या पुढच्यालाही. व्हर्जन ४.२ चा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्ये संपला आणि सगळे ६ वर निघाले, तेव्हा या याद्यांची खरी परीक्षा सुरू झाली.

ऑप्शन दोन जातींचे असतात. काही फक्त सोयीचे: लिस्टिंगमध्ये, म्हणजे कंपायलर छापतो त्या अहवालात, काय छापायचं, किती छापायचं. ते चुकले तर कागद वाया जातो. दुसरे मात्र तुम्ही कंपायलरला दिलेली हमी असतात, की माझा डेटा अमुकच असेल. कंपायलर ती हमी तपासत नाही, खरी मानून कोड बनवतो. खालची सगळी मेहनत या दुसऱ्या जातीसाठी आहे.

पायरी १: सध्या काय चालू आहे ते लिस्टिंगमध्ये बघा

जेसीएल (जॉब चालवण्याच्या सूचना) बघून अंदाज करू नका. लिस्टिंगच्या सुरुवातीला तीन गोष्टी छापलेल्या असतात: पार्ममधून (जेसीएलमधून दिलेले ऑप्शन) काय आलं, सीबीएल कार्डावरून (सोर्समधली ऑप्शनांची ओळ) काय आलं, आणि शेवटी प्रत्यक्षात काय लागू झालं. खरी यादी तिसरी. जुनी लिस्टिंग नसेल तर त्याच प्रोसीजरने एकदा कंपाइल करून घ्या.

पायरी २: कोण कोणावर मात करतं

इन्स्टॉलेशनच्या वेळी सिस्टिम प्रोग्रॅमरने जे ऑप्शन पक्के करून ठेवलेत, त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. त्याखाली सोर्समधलं सीबीएल किंवा प्रोसेस कार्ड, त्याखाली जेसीएलचा पार्म, आणि सगळ्यात खाली डीफॉल्ट. म्हणजे पार्ममध्ये बदल करूनही काही फरक पडत नसेल, तर सोर्सच्या डोक्यावर कोणीतरी जुनं सीबीएल कार्ड ठेवलेलं असण्याची शक्यता दाट.

जेसीएलच्या पार्मला १०० अक्षरांची मर्यादा आहे. यादी त्याहून लांब झाली की ऑप्टफाइल हा ऑप्शन द्या आणि बाकीची यादी सिसऑप्टएफ या डीडीखालच्या (जेसीएलमध्ये फाइल जोडणारी ओळ) फाइलमध्ये ठेवा. नावं तोडून-मोडून संक्षेपात पार्ममध्ये कोंबण्याची जुनी सवय सोडा, सहा महिन्यांनी ती कोणालाच वाचता येत नाही.

पायरी ३: कार्ड लिहा

सीबीएल कार्ड आयडेंटिफिकेशन डिव्हिजनच्या आधी येतं. कार्डं एकापेक्षा जास्त चालतात. ऑप्शन आणि त्याचा कंसातला पर्याय यांच्यामध्ये स्पेस नको. या लेखात मी वाचायला सोपं म्हणून ट्रंक-बिन असं लिहितोय. कार्डावर बिन कंसात जाईल.

पुढे तारा लावलेलं सीबीएल ही वेगळीच वस्तू आहे. ते प्रोग्रॅमच्या मध्ये कुठेही येतं आणि फक्त लिस्टिंगची छपाई चालू-बंद करतं. त्याच्यापुढे ट्रंक लिहून काही होणार नाही. ही गल्लत अनुभवी लोकही करतात.

पायरी ४: सोपे ऑप्शन

मॅप (फील्डांची मांडणी) आणि एक्सरेफ (कोणतं नाव कुठे वापरलंय) कायम चालू ठेवा. लिस्ट (बनलेला पूर्ण मशीन कोड) नाहीतर ऑफसेट (त्याचा संक्षेप), दोन्हींपैकी एकच मिळतो. मी लिस्ट घेतो. व्हर्जन ५ पासून लोड मॉड्यूल (चालवायचा तयार प्रोग्रॅम) पीडीएसई या प्रकारच्या लायब्ररीमध्येच जातं आणि कंपायलरला किमान २०० एमबी रीजन, म्हणजे मेमरी, लागतं, तेवढं जेसीएलमध्ये बघून घ्या. अरिथ-एक्सटेंड फक्त १८ अंकांपेक्षा मोठे आकडे असतील तरच, मग मर्यादा ३१ वर जाते. उगाच लावू नका.

पायरी ५: ट्रंक

इथे घाई करू नका. ट्रंकचे पर्याय तीन आहेत: एसटीडी, ऑप्ट आणि बिन. मला स्वतःला हा ऑप्शन नीट उमगायला फार वेळ लागला, कारण ज्याला विचारावं तो एका वाक्यात उत्तर द्यायचा. ‘ऑप्ट लाव, फास्ट आहे.’ ‘बिन लाव, सेफ आहे.’ दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

आधी मूळ भानगड. एस९(४) कॉम्प असं चिन्हवालं बायनरी फील्ड घ्या. पिक्चर, म्हणजे सोर्समध्ये लिहिलेला फील्डाचा आकार, सांगतं चार अंक, म्हणजे जास्तीत जास्त ९९९९. पण मशीनवर त्याला दोन बाइट मिळतात आणि दोन बाइटांत ३२७६७ पर्यंतचा आकडा मावतो. मर्यादा पिक्चरची धरायची की बाइटांची, एवढाच ट्रंकचा प्रश्न आहे. तो बायनरी, कॉम्प आणि कॉम्प-४ यांनाच लागू होतो. कॉम्प-५ ला नाही, ते नेहमी बाइटांप्रमाणेच वागतं.

एसटीडी हा डीफॉल्ट. मूव्ह किंवा गणित झाल्यावर उत्तर पिक्चरमध्ये कापलं जातं: १२३४५ टाकलेत तर फील्डमध्ये २३४५ उरतात, ७०००० टाकलेत तर शून्य. बिनमध्ये पिक्चर विसरायचं, बाइट मोजायचे: १२३४५ तसेच राहतात, पण ७०००० चे ४४६४ होतात, कारण ६५५३६ वरचं तेवढंच दोन बाइटांत उरतं. म्हणजे बिनही कापतंच, फक्त दुसऱ्या जागी. त्याला सेफ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण दाखवा.

ऑप्टमध्ये कंपायलर म्हणतो, आकडा पिक्चरच्या बाहेर जाणारच नाही असं तुम्ही सांगितलंय, तेव्हा मला जे स्वस्त पडेल ते मी करीन. कधी पिक्चरप्रमाणे कापेल, कधी बाइटांप्रमाणे. हमी मोडली तर उत्तर काय येईल याचा भरवसा नाही. ऑप्टिमाइझची (कोड वेगवान करण्याच्या ऑप्शनची) पातळी बदलली किंवा कंपायलरचं व्हर्जन बदललं की तोच सोर्स वेगळं उत्तर देऊ शकतो. व्हर्जन ४ मध्ये वर्षानुवर्षं बरोबर चाललेला प्रोग्रॅम ६ वर गेल्यावर चुकला, की लोक नव्या कंपायलरला शिव्या देतात. हमी मात्र पहिल्या दिवसापासून खोटी असते.

ऑप्ट वेगवान आहे हे खरं. एसटीडीमध्ये काउंटरमध्ये एक मिळवला तरी उत्तर पिक्चरमध्ये बसतंय का हे बघावं लागतं, बसत नसेल तर १०००० ने भागून बाकी ठेवावी लागते. लूपमध्ये हे कोट्यवधी वेळा होतं. पण हा वेग तुमच्या हमीच्या बदल्यात मिळतो.

आता हमी मोडते कुठे ते सांगतो. प्रोग्रॅमच्या आतल्या गणितात ती क्वचित मोडते, मोडते ती बाहेरून येणाऱ्या आकड्यांमुळे. डीबी२ या डेटाबेसचा स्मॉलइंट (दोन बाइटांचा पूर्णांक) कॉलम एस९(४) कॉम्पमध्ये येतो, आणि स्मॉलइंटमध्ये ३२७६७ पर्यंत काहीही असू शकतं. व्हारचारची, म्हणजे कमी-जास्त लांबीच्या मजकुराची, लांबी तशीच येते. सीआयसीएसमध्ये (ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) कॉमएरियाची, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डेटाची, लांबी ३२ हजारांच्या पुढे जाऊ शकते. सी किंवा असेंब्लरमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम तर तुमचं पिक्चर बघतच नाही. आणि ग्रुप मूव्हमध्ये (फील्डांचा गट एकदम हलवताना) कोणत्याही ट्रंकखाली काही कापलं जात नाही, बाइट जसेच्या तसे जातात.

सगळ्यात फसवा प्रकार डीबी२ च्या इंटिजर (चार बाइटांचा पूर्णांक) कॉलमचा. तो एस९(९) कॉम्पमध्ये येतो. पिक्चरची मर्यादा ९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९, आणि चार बाइटांची २१४ कोटींच्या वर. आपोआप वाढणारा व्यवहार क्रमांक अशा कॉलममध्ये असेल तर टेस्टच्या डेटात तो काही लाखांत असतो. टेस्टिंग करणारा बिचारा काहीही करो, त्याला हा दोष दिसणारच नाही. प्रॉडक्शनमध्ये क्रमांक १०० कोटी ओलांडतो त्या दिवशी एसटीडीखाली ९९,९९,९९,९९९ अधिक एक बरोबर शून्य होतं. अबेंड येत नाही, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद पडत नाही, मेसेज येत नाही. ऑन साइज एरर (उत्तर मावलं नाही तर काय करायचं ते) लिहिलेलं असेल तर कळेल, पण बायनरी काउंटरवर ते कोण लिहितं?

मग काय करायचं? सगळा प्रोग्रॅम ट्रंक-बिनखाली टाकणं हा बहुतेकांचा उपाय, आणि मला तो पटत नाही. दोन-चार फील्ड बाहेरून येतात म्हणून उरलेल्या शेकडो फील्डांच्या गणितात कंपायलरला मोठ्यात मोठा आकडा गृहीत धरायला का लावायचं? वाचणाऱ्याचीही फसगत होते, पिक्चरमध्ये चार अंक दिसतात आणि आत पाच असतात. माझी पद्धत अशी: बाहेरून भरली जाणारी बायनरी फील्ड शोधायची आणि तेवढीच कॉम्प-५ करायची. डीबी२ च्या होस्ट व्हेरिएबलला (कॉलमची किंमत घेणाऱ्या कोबॉल फील्डाला) कॉम्प-५ चालतं. मग ट्रंक काहीही असला तरी त्या फील्डांचं वागणं बदलत नाही. बाकीच्यांसाठी एसटीडी ठेवा. ऑप्टवर जायचं असेल तर तपासणीनंतरच, आणि वेगाची खरोखर गरज असेल तरच. रात्री एकदा धावणारा आणि निम्मा वेळ फाइल वाचण्यात घालवणारा बॅच जॉब ऑप्टने फारसा हलणार नाही.

ऑप्शन प्रोग्रॅमपुरता असतो आणि कॉपीबुक (अनेक प्रोग्रॅम वापरतात ती फील्डांची सामाईक व्याख्या) सगळ्यांचं असतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. बोलावणारा प्रोग्रॅम बिनखाली, त्याने लिंकेजमधल्या (दुसऱ्या प्रोग्रॅमला दिलेल्या डेटातल्या) एस९(४) कॉम्पमध्ये १२००० ठेवले. बोलावलेला ऑप्टखाली, तो ९९९९ च्या वर काही येणार नाही असं धरून बसलाय. दोघांचा सोर्स निर्दोष, दोघांचं कंपाइल शून्य रिटर्न कोडने झालेलं. म्हणून ट्रंक एकट्या प्रोग्रॅमचा बदलू नका. तो कोणाला बोलावतो आणि त्याला कोण बोलावतं, त्या सगळ्यांच्या लिस्टिंग समोर ठेवा. लिस्टिंग मिळत नसतील तर कॉपीबुकातलं फील्ड कॉम्प-५ करा आणि ते वापरणारं सगळं पुन्हा कंपाइल करा. काम वाढतं, हो.

तपासणीसाठी दोन हत्यारं आहेत. डायगट्रंक कंपाइल करतानाच इशारा देतो, की घेणाऱ्या फील्डात अंकांना जागा कमी आहे. पण बाहेरून आलेला आकडा त्याला दिसत नाही, कारण तिथे मूव्हच नाही. त्यासाठी व्हर्जन ६.२ पासून नमचेक आहे. त्याचा बिन पर्याय लावला की बायनरी फील्ड वापरताना आतला आकडा पिक्चरबाहेर आहे का हे चालू प्रोग्रॅममध्ये तपासलं जातं. आधी एमएसजी पर्यायाने चालवा, म्हणजे मेसेज देऊन काम पुढे जाईल आणि एका फेरीत सगळ्या जागा सापडतील. एबीडी लावलात तर पहिल्याच जागी अबेंड होईल. डेटा शक्यतो प्रॉडक्शनसारखा घ्या. लाखातले क्रमांक घेऊन नमचेक चालवला तर तोही गप्पच बसेल.

पायरी ६: नमप्रॉक

ही झोन्ड आणि पॅक्ड (दशमान अंक साठवण्याच्या दोन पद्धती) फील्डांच्या चिन्हाबद्दलची हमी. तिचा पीएफडी हा पर्याय म्हणजे चिन्हाच्या जागी धनाला हेक्स सी, ऋणाला डी, बिनचिन्हाला एफ, याव्यतिरिक्त काही येणार नाही. फाइल दुसऱ्या सिस्टिमकडून येत असेल तर पीएफडी लावू नका, विषय संपला. चिन्हवाल्या फील्डात एफ आला तर पीएफडीखाली न्यूमेरिकची चाचणी त्याला नापास करते आणि तुम्ही चांगली रेकॉर्डं रिजेक्ट करत बसता. डीफॉल्ट नोपीएफडी आहे, तो राहू द्या.

पायरी ७: टेस्टमध्ये वेगळे ऑप्शन

एसएसरेंज (टेबलच्या हद्दीबाहेर जाणं पकडणारा), नमचेक, इनिटचेक (किंमत न भरता वापरलेलं फील्ड पकडणारा) आणि पार्मचेक (बोलावलेल्या प्रोग्रॅमने मेमरी बिघडवली का ते बघणारा) टेस्टच्या कंपाइलमध्ये. व्हर्जन ४ मध्ये एसएसरेंज लावून रनटाइमला चेक-ऑफ देऊन तो झोपवता यायचा. व्हर्जन ५ पासून तसं होत नाही. लावला की चालणारच, आणि सीपीयूही खाणार. म्हणून प्रॉडक्शनसाठी तो काढून पुन्हा कंपाइल करा आणि त्या मॉड्यूलची रिग्रेशन (आधीचं सगळं तसंच चालतंय का ही चाचणी) पुन्हा करा. टेस्ट केलेलं मॉड्यूल आणि प्रॉडक्शनला गेलेलं मॉड्यूल वेगळं असणं मला आवडत नाही, पण दुसरा स्वस्त मार्ग नाही.

पायरी ८: ऑप्टिमाइझ आणि आर्च, सगळ्यात शेवटी

ऑप्टिमाइझ ० वर सगळं जुळलं की २ वर जा आणि तोच इनपुट देऊन आउटपुट फाइली बाइट-न्-बाइट ताडून बघा. फरक आला तर ऑप्टिमायझरवर खापर फोडण्याआधी पायरी ५ आणि ६ पुन्हा करा.

आर्च म्हणजे कोणत्या पिढीच्या मशीनसाठी कोड बनवायचा. त्याचा आकडा रोजच्या मशीनवरून ठरवू नका. ११ म्हणजे झेड१३, १२ म्हणजे झेड१४, १३ म्हणजे झेड१५. तुमचं मुख्य मशीन झेड१५ असेल, पण डिझास्टर रिकव्हरीच्या जागी झेड१३ ठेवलेलं असेल, तर आर्च ११ च. नाहीतर नव्या सूचना जुन्या मशीनला कळणार नाहीत आणि सॉक वन (अनोळखी सूचनेचा अबेंड) येईल, तोही नेमका ड्रिलच्या दिवशी. रिकव्हरीच्या जागी कोणतं मशीन आहे हे सिस्टिम प्रोग्रॅमरकडून ईमेलवर लिहून घ्या.