दुधाच्या पिशवीत झेंडूची रोपं

दसऱ्याला मंडईतून आणलेल्या झेंडूची माळ सुकली की फेकू नका. फूल चुरगाळलं की काळ्या, सुईसारख्या आणि टोकाला पांढरट शेपटी असलेल्या बिया हाती येतात. पोकळ, फिकट असतील त्या टाकून द्या, बाकीच्या कागदाच्या पुडीत जपा. फूल संकरित असेल तर रोपाला हुबेहूब तसंच फूल येईल असं नाही, पण फुकटच्या बियांबद्दल तक्रार कसली!

पुढच्या दसऱ्याला फुलं हवी असतील तर साधारण दोन-अडीच महिने आधी, म्हणजे ऐन पावसाळ्यात पेरा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे सगळे सुचवतात. पुण्याच्या पावसात गॅलरीत ठेवलात तर चार दिवसांत त्याचा लगदा होतो आणि वर बुरशी. त्यापेक्षा दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी बरी. धुऊन वरची कड कापा, खालचे दोन्ही कोपरे छाटा, झालं पाणी निथळायला भोक. दह्याचा डबाही चालतो, तळाला तापवलेल्या सुईने चार भोकं पाडायची.

माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भरा. बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल. पाणी वरून ओतू नका, पिशव्या पसरट ताटलीतल्या पाण्यात पंधरा मिनिटं उभ्या करा आणि उरलेलं ओतून द्या. कोंब आठवड्याभरात दिसतात. दिसले की लगेच उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबुळकी होऊन आडवी पडतात. चार खरी पानं (कोंबाची पहिली दोन बीजपत्रं सोडून त्यानंतर येणारी) आली की पिशवी फाडून अख्खा गोळा कुंडीत लावा.