राष्ट्रीय संग्रहालयात सहकुटुंब जाताना

दिल्लीच्या जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवून नाशिक रोडहून गाडीचे आरक्षण करावे. बाकीची तयारी प्रत्येक घराला ठाऊक असते.

खरी अडचण आत शिरल्यावर सुरू होते. ‘पहिल्या दालनापासून क्रमाने सगळे पाहा’ हा सल्ला मला अनेकांनी दिला होता आणि पहिल्या खेपेस मी तो पाळला. दीड तासात सासूबाईंचे गुडघे भरून आले, मुले कंटाळली, आणि ज्या नर्तकीसाठी एवढ्या लांब गेलो, त्या मोहेंजोदडोच्या नर्तकीसमोरून आम्ही न थांबता पुढे निघून गेलो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे प्रत्येकाची नजर मोठा पुतळा शोधत होती. ती कांस्यमूर्ती जेमतेम १०.५ सेंटिमीटर उंच आहे.

म्हणून आता मी घरीच तेवढ्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी कापून मुलांच्या हाती देते. हडप्पा दालनात मूर्ती त्यांनीच शोधावी, मोठ्यांनी बोट दाखवू नये, आणि सापडल्यावरही लगेच माहिती सांगू लागू नये. कोणता हात कमरेवर आहे, डाव्या हातात पार दंडापर्यंत बांगड्या असताना उजव्या हातात किती आहेत, हे मुलांना मोजू द्यावे. (उजव्या हातात चारच आहेत.) त्यानंतरच घडणीकडे वळावे: मेणाची प्रतिकृती, तिच्यावर मातीचा लेप, उष्णतेने वितळून निघणारे मेण आणि त्या पोकळीत ओतलेला कांस्यरस. आपल्या नाशिकच्या तांबट आळीत ठोके घालून भांडी घडवताना ज्या मुलांनी पाहिले आहे, त्यांना घडीव आणि ओतीव कामातला फरक पटकन उमगतो. त्यामुळे तिथे आधी जरूर जाऊन यावे.

पांडवलेणीही आधीच पाहावी. तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या लेखात प्राचीन ब्राह्मी लिपीतला ‘क’ शोधावा. तो बेरजेच्या चिन्हासारखा, पण खाली लांबलेला असतो. संग्रहालयात ब्राह्मी लेख समोर आला की तेच अक्षर मुले आपणहून हुडकू लागतात.

नाणी आणि लघुचित्रे पायांत बळ असेल तरच पाहावीत. दोन तासांपेक्षा अधिक वेळ आत थांबू नये, आणि ज्येष्ठांना दर दालनानंतर बसवावे.