इंग्लिशमधला चेक कुठे कसा वापरायचा

शॅकमध्ये किंवा हॉटेलात कामाला लागणाऱ्या आपल्या पेडणे, डिचोली, सत्तरीच्या पोरांनी चेक हा शब्द आधी पक्का करावा असं मला मनापासून वाटतं, कारण "जरा चेक कर ना" असं आपण दिवसभर म्हणतो आणि चेक म्हणजे तपासणं एवढंच धरून चालतो, मग गेस्ट काही वेगळंच बोलला की गडबड होते.

आधी मूळ बघा. फारसीत शाह म्हणजे राजा, तो अरबी, मग फ्रेंच असं फिरत इंग्लिशमध्ये चेक झाला आणि आपल्याकडे शह. 2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला, तिथे पटावर देत होते तोच हा चेक. शह बसला की आधी राजाला सोडवायचं, बाकी सगळं अडतं, म्हणून या शब्दात पहिल्यांदा अडवणं, थोपवणं आलं आणि तपासणं त्यातून पुढे. होल्ड इन चेक म्हणजे आटोक्यात ठेवणं. पत्रादेवीच्या चेकपोस्टवर तर दोन्ही अर्थ एकत्र भेटतात, गाडी अडवतात पण आणि तपासतात पण. कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांना चेक्स म्हणतात ते बुद्धिबळाच्या पटावरून. बँकेचा चेक पण ह्याच घरातला, फक्त ब्रिटिश स्पेलिंग शेवटी क्यूयूई आणि अमेरिकन सीके.

आता खरी युक्ती, चेकच्या पुढचा छोटा शब्द ऐकायचा. चेक इन म्हणजे हॉटेलात किंवा मोपा विमानतळाच्या काउंटरवर नोंद करणं. चेक आऊट म्हणजे रूम सोडणं, ऑनलाईन खरेदीत पैसे भरायची पायरी, आणि "चेक आऊट दिस बीच" म्हटलं तर नुसतं "हा बीच बघाच". पण माणसाबद्दल "ही वॉज चेकिंग हर आऊट" म्हटलं की तो तिला न्याहाळत होता असा अर्थ होतो, तिथे सांभाळून. चेक ऑन म्हणजे कुणी बरं आहे ना ते बघणं, आणि चेक विथ म्हणजे विचारून घेणं, त्यामुळे "आय विल चेक विथ माय मॅनेजर" मधला विथ गाळू नका, नाहीतर मॅनेजरचीच तपासणी होईल.

एअरपोर्टवर "डू यू वॉन्ट टू चेक धिस बॅग?" विचारलं तर बॅग उघडायची नसते, ती विमानाच्या पोटात टाकायला द्यायची का एवढंच विचारतात. अमेरिकन गेस्ट जेवण झाल्यावर "चेक प्लीज" म्हणाला तर बिल न्या. आणि रेन चेक, तो अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आला, पावसाने मॅच रद्द झाली की पुढच्या मॅचला चालणारं तिकीट द्यायचे, म्हणून आज कुणी "आय विल टेक अ रेन चेक" म्हणालं तर बाहेर कडक ऊन असलं तरी अर्थ एकच, आज नको, परत कधीतरी नक्की.