शरीररचना समजावताना उपमेच्या या चुका टाळा

'मणक्यातली गादी सरकली आहे' असे ऐकलेला रुग्ण पुढचा प्रश्न हमखास विचारतो, 'मग ती परत जागेवर कधी बसवणार?' यात त्याचे काहीच चुकत नाही. पलंगावरची गादी सरकते आणि ओढली की जागेवर येते, हाच त्याचा रोजचा अनुभव असतो. प्रत्यक्षात ही गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, आणि ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर पडते, आतला जेलीसारखा मऊ भाग त्या चिरेतून बाहेर येतो आणि शेजारच्या नसेच्या मुळावर दाबतो. म्हणून गादीऐवजी करंजी सांगावी: कड फुटली की सारण बाहेर येते. अर्थात करंजीही इथवरच चालते, कारण चकतीतून बाहेर आलेला भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच शोषून घेते. करंजीचे सारण असे आपोआप नाहीसे होत नाही (घरात मुले असतील तर गोष्ट वेगळी).

दुसरी चूक म्हणजे आकाराची उपमा काम समजावण्यासाठी वापरणे, किंवा कामाची उपमा अर्ध्यावर सोडणे. मूत्रपिंड राजम्याच्या दाण्यासारखे असते, ते केवळ आकाराने. त्याला चाळणी म्हटले, तर दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जात असताना लघवी दीड-दोन लिटरच का होते, याचे उत्तर मिळत नाही. गाळलेल्यातले बहुतेक पाणी आणि उपयुक्त क्षार पुन्हा रक्तात घेतले जातात, हे चाळणीला जमत नाही. फुप्फुसाला फुगा म्हणणेही टाळावे. ते आतून स्पंजासारखे असते आणि श्वासपटल खाली सरकून छातीची पोकळी वाढली की हवा आत ओढली जाते.

हृदय मुठीएवढे सांगताना शिक्षकाने स्वतःची मूठ दाखवू नये. मुलाला त्याचीच मूठ मिटायला सांगावे.

ऐकणाऱ्याने न पाहिलेली वस्तू तर उपमेसाठी घेऊच नये. मधल्या कानातील हाडांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. पण घोड्याच्या खोगिराला लटकणारी, स्वाराने पाय अडकवायची रिकीब आज किती मुलांनी पाहिली आहे? नाव तेच शिकवावे, पण सोबत चित्र दाखवावे आणि आकार सांगताना सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे, असे म्हणावे.