गोव्याची पोस्टिंग टिकवायला एक्स्टेंशन? सही करण्याआधी या चुका टाळा

सेवेची 15 वर्षं भरत आली की वास्कोच्या नौदल वसाहतींत घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. मुलं केंद्रीय विद्यालयात रुळलेली असतात, क्वार्टर बरं असतं, साताऱ्याहून आई-वडील सुटीत येऊन राहतात. मग 'घेऊन टाकू एक्स्टेंशन (सेवेची मुदतवाढ), अजून काही वर्षं इथंच' असं ठरतं. पण एक्स्टेंशनच्या कागदावर तुम्ही वर्षं लिहून देता, स्टेशन नव्हे. सेलरांचे, म्हणजे नौसैनिकांचे, ड्राफ्ट (बदलीचे आदेश) मुंबईत मानखुर्दहून निघतात. तिथं तुमच्या लेकीच्या नववीआधी कुठल्या जहाजावर कुठल्या ब्रँचचा माणूस कमी आहे, हे पाहिलं जातं.

ब्रँच न बघता आशा धरणं

दाबोळीच्या नौदल हवाई तळावर, आयएनएस हंसावर, मिग-29के लढाऊ विमानं आहेत. 2022 मध्ये पी-8आय टेहळणी विमानांची दुसरी स्क्वाड्रनही दाबोळीतच उभी राहिली. त्यामुळे विमानांवर काम करणारा फिरून गोव्यात येण्याची शक्यता बरी. जहाजावरच्या ब्रँचचा माणूस बराच काळ किनाऱ्यावर असेल, तर समुद्राची पाळी येणारच, आणि बढतीला सी-टाइम (समुद्रावरची सेवा) लागतो तो वेगळाच.

'जास्त वर्षं म्हणजे जास्त पेन्शन'

ही समजूत सगळ्यात चिवट. सेलर आणि जवानांना 15 वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागते, शेवटच्या पगाराच्या 50 टक्के. नंतर कितीही वर्षं काढा, ती टक्केवारी हलत नाही. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातला एक पेटी ऑफिसर घ्या: बेसिक 41,600, एमएसपी (सैनिकी सेवा वेतन) 5,200. निम्मे 23,400. दोन वर्षं आणखी थांबला, दोन इन्क्रिमेंट मिळाले, बेसिक 44,100 झालं, पेन्शन 24,650. महिन्याला 1,250 चा फरक, महागाई भत्ता वेगळा. ग्रॅच्युइटी वाढेल, आणि ओआरओपीच्या (वन रँक वन पेन्शन) तक्त्यात हुद्द्यासोबत सेवेची वर्षंही धरतात, तिथं थोडं हाती लागेल. हुद्दा वाढणार असेल तर गणितच बदलतं. नुसत्या इन्क्रिमेंटसाठी मात्र घाई नको. ती दोन वर्षं बाहेर काढली असती, तर पेन्शन आणि दुसरा पगार दोन्ही चालू राहिले असते. हा आकडा बायकोसोबत बसून वहीत मांडा, मेसमध्ये नको. तिथं सगळेच अर्थतज्ज्ञ.

गोव्यातच स्थायिक होऊ, सरकारी नोकरी बघू

गोवा सरकारच्या नोकऱ्यांना साधारणपणे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. जाहिरातीत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट, असं असतं. इथल्या आम्हा मराठीवाल्यांना ते कितीही टोचो, अर्ज भरताना नियम तोच. दोन टेन्युअर मिळून सहा वर्षं काढलेल्या माणसाने माजी सैनिकांच्या कोट्यावर भिस्त ठेवण्याआधी जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. केंद्राच्या ग्रुप सी पदांना वाट सोपी आहे: वयातून सेवेची वर्षं वजा होतात, वर 3 वर्षांची सूट.

मेडिकलचं थोडक्यात. बीपी, गुडघा, वजन यांचं काय ते एक्स्टेंशनचा बोर्ड लागण्याच्या वर्षभर आधी बघा. मेडिकल कॅटेगरी खाली गेल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. शाळेची धास्ती मात्र थोडी कमी करा. बदलीबरोबर केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात मूल हलवता येतं; दहावी-बारावीचं वर्ष तेवढं सांभाळायचं.

अग्निवीरांची वेगळी चूक

चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांची नौदलातली पहिली तुकडी नोव्हेंबर 2022 मध्ये ओडिशातल्या चिल्काच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाली. पेडणे, डिचोलीकडची मुलं विचारतात, 'कायम झालो तर सेवानिधीही (चार वर्षांनंतरची एकरकमी रक्कम) मिळेल ना?' पूर्ण नाही. कायम झालेल्याला फक्त स्वतःच्या पगारातून कापलेले पैसे व्याजासह मिळतात, सरकारचा वाटा नाही. जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होतात आणि तिथून पुढे किमान 15 वर्षांची सेवा असते. त्यामुळे त्या रकमेवर घराचं कर्ज किंवा बहिणीचं लग्न आधीच ठरवून बसू नका.