अनेक इमारतींचं नेटवर्क केबलिंग : आधी मानक, मग केबल

मोठ्या परिसरात प्रत्येक इमारतीचं काम वेगळा ठेकेदार करतो, वेगळ्या वेळी, आपापल्या सवयीने. म्हणून पहिली केबल ओढण्याआधी दोन-तीन पानांचं मानक लिहा आणि ते प्रत्येक निविदेला जोडा.

त्यात सर्वांत जास्त विचार लेबलिंगचा करा. इमारत, मजला, रॅक (उपकरणांची चौकट), पॅनल (केबली जिथे येऊन जोडल्या जातात ती पट्टी), पोर्ट (तिच्यावरचं एकेक छिद्र) हा क्रम सगळीकडे एकच हवा, उदाहरणार्थ 'ब-०३-र१-प२-१७'. हाच क्रमांक भिंतीवरच्या सॉकेटवर, केबलच्या दोन्ही टोकांना, पॅच पॅनलवर आणि नोंदींमध्ये दिसला पाहिजे. क्रमांकात विभागाचं नाव घालू नका. विभाग जागा बदलतात, केबल भिंतीतच राहते.

टी५६८ए की टी५६८बी (केबलमधल्या तारा जोडण्याच्या दोन पद्धती) यावर वाद नको, दोन्ही सारख्याच चालतात. एक निवडा आणि तीच सगळीकडे पाळा. पॅनल ते सॉकेट कमाल ९० मीटर, पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांच्या छोट्या जोडकेबली) धरून १०० मीटर. नव्या कामात मी कॅट ६ए या दर्जाच्या तांब्याच्या केबलचा आग्रह धरेन, कारण १० गिगाबिटचा वेग ती पूर्ण १०० मीटर देते. कॅट ६ त्या वेगाला साधारण ५५ मीटरपर्यंतच पुरते.

दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची केबल नकोच. दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक आणि वीज पडल्यावर येणारा झटका यांमुळे उपकरणं जळू शकतात. तिथे धातूविरहित सिंगल-मोड फायबर (प्रकाशाने माहिती नेणारी काचेची केबल) टाका, गरजेपेक्षा जास्त कोअरची, म्हणजे आतल्या तंतूंची.

प्रत्येक जोडणीचा चाचणी अहवाल हाती आल्याशिवाय बिल मंजूर करू नका.