शेतावर राहून भाजीपाला शिकताय? या चुका टाळा

सासवडच्या बाजूला ज्या सेंद्रिय शेतावर मी काम करते, तिथे दर हंगामात शिकायला मुलं-मुली येतात. दिवसाला चार-पाच तास काम करायचं आणि त्याबदल्यात राहणं, जेवण आणि शिकणं, एवढाच व्यवहार. इंग्लंडमध्ये 1971 साली सुरू झालेली 'वूफ'ची चळवळ याच व्यवहारावर जगभर पसरली. येणारे मनापासून येतात, पण चुका त्याच त्या करतात आणि त्यात उभं पीक जातं.

पहिली चूक पाण्याची. नवशिक्यांच्या हातून रोपं तहानेनं फार क्वचित मरतात. बहुतेक मरतात ती जास्त पाण्यानं.

एका ऑक्टोबरात आमच्याकडे एक तरुण होता, कामाला अगदी वाघ. शेतमालक लग्नासाठी गावी गेले आणि टोमॅटो त्याच्यावर सोपवला. दुपारी दोनच्या उन्हात रोपांनी माना टाकलेल्या पाहून त्यानं ठिबकचा व्हॉल्व्ह उघडला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याच्या आत खालची पानं पिवळी पडली आणि रोपं सकाळीसुद्धा मलूल दिसायला लागली. ते पाहून त्यानं पाण्याची वेळ आणखी वाढवली. मी रोप उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बोटानं ओढली की साल सुटून हातात येत होती. त्या सऱ्या शेवटी मोडाव्या लागल्या.

ऑक्टोबरच्या उन्हात टोमॅटो, वांगी, दुधी दुपारी मान टाकतातच. पानांतून पाणी जितकं उडतं तितकं मुळांना त्या वेळी खेचता येत नाही. संध्याकाळी तेच रोप सावरतं. म्हणून झाड पाहायचं ते सकाळी सातला. सकाळीही मलूल असेल तर मगच माती उकरायची. मुळांना ओल लागते तशी हवाही लागते आणि ती मिळते वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी असताना. आपली काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि चार बोटं खाली चिकट ओली असते. माझी सवय सांगते: चार बोटं खोल खणायचं, माती मुठीत दाबायची. गोळा होऊन बोटाच्या टोच्यानं फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. गोळा चकाकला, हाताला चिकटला तर त्या वाफ्यात पायसुद्धा टाकायचा नाही. गोळाच होत नसेल तर व्हॉल्व्ह उघडा. ओलावा मोजायची यंत्रं मिळतात, पण शिकणाऱ्यानं आधी मूठ तयार करावी असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक शेणाची. 'सेंद्रिय' म्हटलं की लोकांना वाटतं, गोठ्यातलं शेण उचलून झाडाच्या बुडाशी घातलं की झालं. एका ताईंनी पावसाच्या तोंडावर वांग्याच्या अख्ख्या ओळीला पाट्या भरभरून ताजं शेण घातलं, तेही कोणाला न विचारता. ऑगस्टमध्ये एकेक झाड सुकायला लागलं. धरून ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मुळं नाहीतच. मातीत इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या, म्हणजे हुमणी. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे बाहेर पडतात आणि कच्च्या शेणाच्या जागी अंडी घालायला त्यांना फार आवडतं. शिवाय कच्चं शेण कुजताना तापतं, त्यानं कोवळी मुळं भाजतात ते वेगळंच. मी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहते. आत ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर खत तयार नाही. काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालं की मगच वाफ्यात. त्याला काही महिने लागतात आणि ते थांबणं हा शिकण्याचाच भाग आहे.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, त्यातही घाई नको. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा ढवळायचं, 48 तासांनी वापरायला काढून आठवड्यात संपवायचं. गूळ वाढवून ते लवकर होत नाही. ढवळायचा कंटाळा असेल तर करूच नका.

फवारणीआधी किडे ओळखायला शिका. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, पडलेल्या चवळीवर काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी अळी फिरत असते. ती ढालकिड्याची, मावा खाणारी. नवीन माणूस नेमका तिलाच चिरडतो. निंबोळी अर्क फवारायचाच तर संध्याकाळी, उन्हात त्याचा जोर टिकत नाही.

लव्हाळा वरून खुडू नका. खालची गाठ राहिली की तो पुन्हा उभा. ओलीवर खुरप्यानं गाठीसकट काढायचा आणि बांधावर न टाकता शेताबाहेर न्यायचा. गाजरगवत फुलायच्या आत आणि हातमोजे घालूनच.

वाफ्यावर पाय देऊ नका, सरीतून चाला.

रोपांची लावणी दुपारी नको, ऊन कललं की.

भेंडी एक दिवसाआड तोडा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. नाहीतर भेंडी जून होते आणि हात खाजतात.

खुरपणीच्या मावश्यांना सोडून मालकांच्या मागे फिरू नका. मेथीत उगवलेलं गवत आणि मेथी लांबूनच वेगळी ओळखणारी नजर मावश्यांकडे आहे. तुम्ही तण म्हणून फेकता ती घोळ आणि तांदुळजा त्या भाजीसाठी घरी नेतात. सोबत बसून खुरपा, त्या बोलता बोलता सगळं सांगतात.

आणि दोन रविवार येऊन 'शेती शिकलो' म्हणू नका. टोमॅटोचं रोप तयार व्हायला महिना लागतो, लावल्यापासून पहिला तोडा यायला आणखी दोन-सव्वादोन महिने. बी टाकण्यापासून तोड्यापर्यंत एक तरी पीक सलग पाहता येईल एवढी सवड काढा. सप्टेंबरअखेरीस आलात तर उत्तम. येण्याआधी शेतमालकांना फोनवर कामाचे तास, राहण्याची आणि संडास-बाथरूमची सोय स्पष्ट विचारा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर घेऊनच या.